बंडी गार पडते म्हणावं

मी माझ्या सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोललो नाही. कारण ऐकलंत तर हसाल. त्याच्या मयूरीच्या लग्नाची पत्रिका त्यानं मला फोनवर पाठवली. अहो, एकाच गल्लीत घरं, मधे चार उंबरे, आणि सख्ख्या काकाला पत्रिका फोनवर! अक्षत घेऊन दारात यायचं, वहिनीनं माझ्या बायकोला कुंकू लावायचं, 'कार्य तुमच्याच घरचं आहे' म्हणायचं, एवढी रीत त्याला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? मी लग्नाला गेलो नाही. नंदा, माझी बायको, एकटी जाऊन अक्षता टाकून आली. त्याला वाटलं, भर मांडवात मी त्याचं नाक कापलं. मला वाटलं, त्यानं माझं आधीच कापलं होतं. झालं, तिथून अबोला सुरू झाला.

आम्ही निकुंभ, गावातले शिंपी. मी सतीश, धाकटा. दादाचं नाव गिरीश, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचं काळं पायमशीन माझ्या दुकानात अजून उभं आहे. लहानपणी मी खाली बसून हातानं त्याचं पायडल हलवायचो आणि दादा वर कापड सरकवायचा, कारण माझी शिवण तिरकी जायची. पुढे दादानं कात्री सोडली, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर मुकादम झाला आणि दुकान मला राहिलं. त्यावरून आमच्यात कधी वाकडं आलं नाही, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर भाऊ भांडले म्हणजे वाटणीवरूनच, असं लोक धरून चालतात.

अबोला होता, पण तुटलं नव्हतं. त्याला कारण शेकोटी. आमच्या निफाडकडची थंडी आधीपासूनच पेपरात यायची, पण अलीकडे तिनं कहर केला. पृथ्वीच्या डोक्यावर, उत्तर ध्रुवाभोवती, गार हवेचं एक कडं फिरत असतं. ते घट्ट फिरत राहिलं की थंडी तिकडची तिकडे राहते. ध्रुवावरचं बर्फ कमी झालं, तिकडची हवा तापली आणि ते कडं सैल पडलं. मग त्याचा एखादा फाटा खाली घसरतो आणि इकडची थंडी आणखी खाली ढकलतो. म्हणजे जग तापलं म्हणून आम्ही गारठलो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायला लागला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले.

तर त्या थंडीत माझ्या दुकानासमोर, पिंपळाखाली, रोज सकाळी शेकोटी पेटायची. येईल त्यानं छाटणीच्या चार काड्या आणायच्या आणि जागा मिळेल तिथं बसायचं. दादा यायचा. मी तर समोरच. मधे दगूबाबा बसायचे, त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. दादा त्यांच्याकडे तोंड करून म्हणायचा, त्याला म्हणावं धूर येतोय, जरा सरक. मी सरकायचो आणि दगूबाबांनाच सांगायचो, त्याला म्हणावं कानटोपी घालत जा. दगूबाबा दोघांकडे बघून मान डोलवायचे. सगळा गाव गालात हसायचा. पण सात हिवाळे आम्ही असे काढले, आणि खरं सांगू, माझं बरं चाललं होतं.

मग ऊबबंडी आली. कंपनीनं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. दुरुस्तीसाठी त्यांना गावोगावचे शिंपी हवे होते. मी नाशकात जाऊन आठ दिवसांचं ट्रेनिंग घेतलं. शिकवायला एक मॅडम होत्या, कडक, पण समजावून सांगायच्या छान.

बंडी दिसायला साधी, आपल्या नेहमीच्या बंडीसारखीच. सुती कापडाचे दोन थर आणि मधे केसाएवढ्या कार्बनच्या धाग्याचं जाळं. धाग्यातून वीज सोडली की तो तापतो, यात नवल नाही, इस्त्रीही तेच करते. नवल पुढचं. धागा तापला किंवा निवला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि तो मोजला की धाग्याला टेकलेली कातडी किती गार आहे ते कळतं. म्हणजे तोच धागा ऊब देतो आणि तोच अंगाला हात लावून बघतो. पाठीवर पातळ बॅटरी, खांद्यांवर उन्हावर चालणारे पट्टे. पंधरा दिवसांत बंडी माणसाला शिकते, की याला पहाटे किती लागते, जेवल्यावर किती, चालताना किती.

मॅडम म्हणायच्या, माणसाचं अंग ही एक चूलच आहे. नुसतं बसलेलं माणूसही जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतं. जाळ किती ठेवायचा ते बरंचसं गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी ठरवते. अंग जिथं कमी पडेल तिथं बंडी भर घालते. त्या भरीच्या आकड्याला कंपनी पुरवणी म्हणायची. ठणठणीत माणसाची पुरवणी कडाक्याच्या थंडीतही पंचवीसच्या आसपास राहते. हवा तीच, काम तेच, आणि तरी पुरवणी वाढत चालली, तर दोष बंडीत नाही, माणसात आहे. म्हणून चाळीसला कुलूप ठेवलं होतं. पुरवणी तिथं पोचली की बंडी मुद्दाम गार पडायची. माणूस कुरकुरत आमच्याकडे यायचा, आणि आम्ही त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, हा पहिला नियम. थंडी वाजणं म्हणजे अंगाची हाक आहे, ती दाबायचा तुम्हाला अधिकार नाही, असं मॅडमनी फळ्यावर लिहून दोनदा वाचून घेतलं. कुलूप वर सरकवायची चावी मात्र आम्हाला दिली होती. बर्फात, गारठ्यात काम करणाऱ्या धडधाकट माणसांसाठी.

दोन हिवाळ्यांत बंड्या घरोघर पोचल्या. शेकोटीला यायचं कुणाला कारणच उरलं नाही. जो तो आपापल्या ओट्यावर आपापल्या उबेत बसून फोन बघायला लागला. शेवटी एकटे दगूबाबा यायचे. मग त्यांच्या सुनेनं त्यांनाही बंडी घेतली, आणि ती बेतून अंगात घालायला मीच गेलो. शेकोटी मी माझ्या हातानं विझवली म्हणा ना. दादानंही बंडी घेतली, पण माझ्याकडून नाही, तालुक्याला जाऊन. हट्टी तो हट्टीच. दुरुस्तीला मात्र पंचक्रोशीत माझं एकच दुकान होतं.

पहिल्यांदा आला तो जानेवारीतल्या एका सोमवारी. सोमवारी स्टोरेजला त्याची सुट्टी. नऊ वर्षांत त्यानं दुकानाची पायरी चढली नव्हती. बंडी टेबलावर ठेवली आणि इकडे तिकडे बघायला लागला. मला कळलं काय शोधतोय ते. मधे बोलायला तिसरं कुणी नव्हतं. शेवटी तो तात्यांच्या मशीनकडे वळला आणि त्याला म्हणाला, "बंडी गार पडते म्हणावं."

मला हसू आवरेना, पण मी आवरलं. मीही मशीनलाच सांगितलं की उद्या ने म्हणावं.

तो गेल्यावर बंडी तपासणीच्या यंत्राला लावली. पुरवणी एकेचाळीस. कुलूप पडलं होतं. नियमाप्रमाणे त्याला सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, माणूस स्टोरेजवर काम करतो, थंडीची लाट पण जबर आहे, लागत असेल जास्त. चावी फिरवून कुलूप पन्नासवर नेलं. नंदाला संध्याकाळी सांगितलं की दादा दुकानात आला होता, आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग तो येतच राहिला. कधी दर सोमवारी, कधी एखादा सोडून. दर वेळी तेच, बंडी गार पडते म्हणावं. मी बंडी लावून बघायचो, तोवर तो स्टुलावर बसायचा. हळूहळू मशीनशी आमचं बोलणं वाढलं. एकदा त्यानं मशीनला सांगितलं की मयूरीला मुलगा झाला. मी मशीनला विचारलं, नाव काय ठेवलं ते विचार. त्यानं सांगितलं, मल्हार. मी जुन्या मऊ धोतराची दोन दुपटी शिवून टेबलावर ठेवली, आणि पुढच्या सोमवारी ती काही न बोलता त्यानं उचलली. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. अबोला असा आपोआप विरघळतोय, आता कुणाला कमीपणा घ्यावा लागणार नाही, असं वाटायला लागलं.

पण आकडा चढत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी सरली, दुपारी घाम यायला लागला, आणि दादाची पुरवणी सत्तेचाळीस. त्या दिवशी मी त्याच्याकडे नीट बघितलं. तोंड सुजल्यासारखं, डोळ्यांखाली फुगलेलं. आवाज जाड झालेला. एक वाक्य बोलायला त्याला दोन वाक्यांचा वेळ लागत होता, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. गावात म्हणायचे, गिरीशअण्णा सुखावलाय, अंगानं भरलाय. मीही आधी तेच म्हणत होतो, आणि वर मनात, माज चढलाय म्हणून. पण यंत्राचा आकडा माझ्यासमोर होता आणि मॅडमचं वाक्य पाठ होतं. मला माहीत होतं. हे मी आज शहाणपण आल्यावर म्हणत नाही. तेव्हाच माहीत होतं.

बंडी उद्या ने म्हणावं, असं मशीनला सांगितलं, आणि तो गेल्यावर मी चिठ्ठी लिहिली. बिलाच्या कागदामागे, पेन्सिलीनं. 'दादा, तब्येत दाखव. बंडीत दोष नाही. पुरवणी फार वाढली आहे. उशीर करू नको. सतीश.' चिठ्ठी बंडीच्या खिशात ठेवली. दुकान बंद करायच्या आधी परत काढून वाचली. पहिलाच शब्द दादा. म्हणजे नऊ वर्षांनी आधी बोललो कोण, तर मी. अरे, पत्रिका फोनवर पाठवली कुणी? त्यानं एकदा, फक्त एकदा, मशीनकडे न बघता माझ्याकडे बघून सत्या म्हणावं, मग हवं तर मी त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात नेईन. असं म्हणून मी चिठ्ठी मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवली आणि कुलूप साठवर नेलं.

आणखी एक विचार तेव्हा आला होता. तो मी कुणाला सांगितलेला नाही, नंदालाही नाही. डॉक्टरनं त्याला बरं केलं, तर बंडी गार पडायची थांबेल. मग सोमवारी तो कशाला येईल?

उन्हाळ्यात स्टोरेजच्या नावाखाली बंडी त्याच्या अंगातच असायची. पावसाळ्यातही. कुलूप मी पुढे सत्तरवर नेलं, दिवाळीनंतर ऐंशीवर. त्यापुढे चावी फिरतच नव्हती. दर वेळी स्वतःला सांगायचो, पुढच्या सोमवारी सांगू, मशीनलाच सांगू की याला म्हणावं डॉक्टरला दाखव. एवढं तर चाललं असतं की नाही? त्यात कुणाचा मान जाणार होता? पण तो आला की मल्हारला दात आले, मल्हार उभा राहिला, असं काहीतरी मशीनला सांगायचा, आणि मला त्या गोडीत आजाराचं नाव काढवायचं नाही. मी सांगितलं नाही, एवढं खरं.

डिसेंबरात मोठी लाट आली. त्या सोमवारी दादा आला नाही. दुपारी बारापर्यंत मी रस्त्याकडे बघत होतो. तेवढ्यात नंदा धावत आली. दादा सकाळपासून खुर्चीत झोपलाय आणि उठवला तर उठत नाही, चार दिवस खोकला होता, असं वहिनीनं सांगून पाठवलं होतं. मी अनवाणीच गेलो. नऊ वर्षांत मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. दादाच्या छातीवर हात ठेवला तर छान ऊब. क्षणभर मला वाटलं, काही नाही, झोपलाय.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बंडी कापून काढली. काढल्यावर पाच मिनिटांत दादाची छाती गार पडली. बाई म्हणाल्या, वरून कातडी गरम आणि आत माणूस गार आहे. थायरॉईड किती महिन्यांपासून मंदावत गेली होती कुणास ठाऊक, अंगातली चूल जवळपास विझली आहे, त्यात खोकला छातीत उतरलाय. वहिनीनं विचारलं, यावर औषध नाही का. बाई म्हणाल्या की औषध म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. वेळेत कळलं असतं तर माणूस जन्मभर धडधाकट राहतो. ऑक्टोबरात हे आपल्याकडेच आले होते, थकवा येतो म्हणून. आपण विचारलंही होतं, थंडी वाजते का. तर हसून म्हणाले, मुळीच नाही.

तीन दिवस तो होता. शेवटच्या दिवशी त्यांनी मला आत सोडलं. तिथं मशीन नव्हतं, दगूबाबा नव्हते, मधे कुणीच नव्हतं. मी कानाशी वाकून म्हटलं, "दादा, मी सत्या." त्याचे डोळे मिटलेलेच राहिले. मी पुन्हा म्हटलं, पुष्कळदा म्हटलं, नर्सनं बाहेर काढेपर्यंत.

तेराव्यानंतर सुरेखावहिनी दुकानात आली. पांढरी पडलेली, हातात ती बंडी, मधोमध कापलेली. ती स्टुलावर बसली नाही. म्हणाली, एवढी शिवून द्या भाऊजी, मयूरीला ठेवायचीय. मग मशीनकडे बघत उभी राहिली, आणि आपणहूनच सांगायला लागली. दर सोमवारी सकाळी चहा झाला की दादा म्हणायचा, बंडी गार पडते, जरा जाऊन येतो. ती आत हात घालून बघायची. बंडी चांगली गरम असायची. पहिल्या एका वेळेनंतर ती कधी गार पडलीच नाही.

"मी बोलले नाही काही," वहिनी म्हणाली. "म्हटलं, भावाकडे जातायत, जाऊ दे."

मग मात्र मला राहवलं नाही. तिला सगळं सांगितलं. पुरवणी, कुलूप, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी. दर सोमवारी तो खोटं बोलत होता आणि मी त्याचं खोटं खरं धरून आकडा वर नेत होतो. तो ऊब मागायला येतच नव्हता, आणि मी त्याला तेवढीच देत बसलो. बोलता बोलता मी मशीनचा खण ओढला, बॉबिना बाजूला केल्या आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

वहिनीनं चिठ्ठी उभ्यानं वाचली. मग स्टुलावर बसली, जिथं तो बसायचा, आणि पुन्हा वाचली. तिनं विचारलं, कधी लिहिली. मी म्हटलं, फेब्रुवारीत. मला वाटलं, आता ही मला मारेल, आणि मारावं असं मला फार वाटत होतं.

"वर दादा लिहिलंत भाऊजी," ती म्हणाली. "एवढा एक शब्द वाचला असता ना त्यांनी, तर डॉक्टरकडे काय, तुम्ही न्याल तिकडे आले असते."

तिचा आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. मी बंडी मशीनवर घेतली. कार्बनचे धागे जोडले नाहीत, नुसतं कापड शिवलं. पायडल मारत होतो आणि शिवण तिरकी जात होती, लहानपणी जायची तशी. वहिनीनं बंडी घेतली, चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, खिसा हातानं दाबून नीट केला आणि गेली. मला माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

कंपनीला मी स्वतःच लिहून कळवलं. त्यांनी चावी काढून घेतली, दुकानाची पाटी उतरवली. बरं झालं. आता साधी शिवण करतो, शाळेचे गणवेश, पिशव्या. सकाळी पिंपळाखाली चार काड्या पेटवतो. दगूबाबा सुनेचा डोळा चुकवून बंडी काढून येतात आणि समोर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हाक मारून विचारतो, थंडी वाजते का रे. लोक म्हणतात, सतीशशिंपी भावापाठी जरा भ्रमलाय, आणि नाही वाजत म्हणून पुढे जातात.

मयूरी मल्हारला घेऊन वर्षश्राद्धाला आली तेव्हा दादाच्या घरी मी स्वतः गेलो, बोलवायच्या आधी. माझी बंडी मी केव्हाच काढून टाकली आहे. पहाटे हात बधिर होतात, सुईत दोरा जात नाही, दात वाजतात. नंदा ओरडते, निदान शाल तरी घ्या. घेईन. पण आधी थोडा वेळ थंडी वाजू देतो.